गल्लीत मावणारी गाडी

जुनी गाडी घ्यायची ठरली की गाडी मिळायच्या आधी किस्से जमतात. आमच्या स्टाफरूममध्ये तर विषय निघायचा अवकाश, चहा गार होतो आणि प्रत्येकाला माझी एकेक फजिती आठवते. तेव्हा म्हटलं, मीच सांगून टाकावं!

मला गाडीची हौस कधीच नव्हती. नगरच्या माळीवाड्यात आमची अरुंद गल्ली. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गुडघा वाकेनासाच झाला. रिक्षात बसता येईना. दवाखान्यात न्यायचं तर दोघे जण तिला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत उचलून न्यायचे आणि सगळी गल्ली बघत राहायची. एक दिवस ती म्हणाली, "मिरवणूक काढायला मी काय देव हाय? आता मी न्हाई यायची." त्यानंतर तिने उंबरा ओलांडला नाही. मला रात्री झोप लागेना. दारापर्यंत येणारी गाडी हवी होती, बस्स!

* * *

मी गल्लीतल्या सगळ्यात अरुंद जागेचं सुतळीने माप घेतलं, गाठ मारली आणि सुतळी खिशात ठेवली. मग दिसेल त्या उभ्या गाडीला ती लावून बघायचो. एका मंगल कार्यालयाबाहेर असाच वाकलो होतो, तर मालक मागे उभा!

"काय चाललंय?"

"माप घेतोय."

"माझ्या गाडीचं?"

"नाही, आमच्या गल्लीचं!"

त्याने गाडी काढली आणि पार पलीकडे नेऊन लावली.

* * *

शेवटी सुतळीत बसणारी गाडी सापडली ती आमच्या ढाकणे सरांमुळे. हे पाथर्डीचे, खेळाचे शिक्षक. नोकरीआधी प्रवासी कोंबून जीप चालवायचे. त्यांच्या गावचे यमाजी नाना गाडी विकणार होते. दोन दारांची, इवलीशी. कंपनीने थोड्याच काढल्या आणि बंद केल्या. दार लांबलचक, पुढची सीट भरपूर मागे सरकणारी. आईचा पाय सरळ राहिला असता!

ढाकणे सरांनी आत डोकावून हिशेब मांडला. "म्होरं तीन, मागं पाच. टपाला कॅरेज न्हाई, येवढाच दोष."

"सर, मला फक्त आईला न्यायचंय."

"मंग बाकीच्या शीटा रिकाम्याच नेनार?" त्यांना मनापासून वाईट वाटलं.

* * *

गणिताच्या शेलार मॅडमना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "सर, गाडी दुर्मिळ असायला दोनच कारणं. एकतर कुणी सोडत नाही, नाहीतर कुणी घेत नाही. यातलं कुठलं?"

मी तिथूनच स्पेअर पार्टच्या दुकानात फोन लावला. गाडीचं नाव ऐकून दुकानदार म्हणाला, "थांबा हं," आणि त्याने दुकानातल्या सगळ्यांना हाक मारली. मग म्हणाला, "साहेब, या गाडीचा एक आरसा आमच्याकडे कधीचा पडून आहे. खरंच घेताय ना? मग फुकट घेऊन जा!"

याचा आनंद मानावा की धसका घ्यावा, हे मला आजही कळलेलं नाही.

* * *

नानांनी बैलजोडी विकून ती गाडी घेतली होती आणि ठेवायचे कुठे, तर गोठ्यात, बैलांच्याच जागी! आता डोळ्यांनी दिसेना म्हणून विकत होते. पण किमतीचं बोलायच्या आधी माझीच तपासणी.

"उन्हात उभी करनार का?"

"नाही, नाही."

"शिव्या देता का गाडीला?"

"अजून गाडीच नाहीये नाना."

"बायकूला?"

"छे!"

"मंग जमंल." मग तिची खोड सांगितली. कुलूप झिजलंय, गाडी चालू असतानाही चावी निघून हातात येते. चावी एकच आणि तिच्या गळ्यात लाल गोंडा.

* * *

गाडी आणायच्या दिवशी ढाकणे सर मुलांना घेऊन स्पर्धेला गेलेले. मी एकटाच. व्यवहार झाला, कागद झाले. नानांनी स्वतः गाडी चालू केली, मला बसवलं, बॉनेटवरून हात फिरवला. मग खिडकीतून हात आत घातला, चावी काढली आणि खिशात टाकली.

"नाना, चावी?"

"चावी म्हंजी हिचं दावं. बांधायचं दावं देत न्हाईत आमच्यात. जनावर जातं, दावं घरी राहतं. गोठा रिकामा पडतो न्हाईतर."

"अहो, पण ही गाडी आहे!"

"चालू हाय की. जावा सावकाश." आणि म्हातारा डोळे पुसत आत गेला. मागे जाऊन भांडायचा मला धीर झाला नाही.

निघालो. करंजी घाटात कुठेच थांबलो नाही. गाडी बंद पडली तर संपलंच! पेट्रोल पंपावर शिरलो तर पोरगा म्हणाला, "इंजिन बंद करा." तसाच बाहेर पडलो. काटा पाव टाकीच्या जरासा वर. भिंगारला म्हशी आडव्या आल्या, मी त्यांना हात जोडले.

गल्लीत आरसे मिटून शिरलो. दोन्ही भिंतींना न घासता गाडी दारात! आई नवं लुगडं नेसून तयार. लांब दारातून, पाय सरळ ठेवून, कुणाचा हात न धरता ती आत बसली.

"बंद कर की. धूर किती!"

मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. आई माहेरची पाथर्डीकडचीच. ऐकून कपाळावर हात मारला. "रिकाम्या हातानं गेल्तास व्हय रं? जनावर आनायला आपलं दावं न्यावं लागतं!" आणि माझ्या बायकोला हाक मारली, "सूनबाई, देव्हाऱ्यातला काळा दोरा आन."

"आई, आत्ता? एवढ्या लांब?"

"चल. गाडीत बसलीय मी."

चालू गाडी तशीच परत पाथर्डीला नेऊन गोठ्याच्या दारात उभी केली. नाना गोठ्यातच बसले होते, मोकळ्या जागेकडे तोंड करून. आईने खिडकीतून दोरा पुढे केला. नानांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. मग चावीचा लाल गोंडा सोडला, बैलांच्या खुंट्याला अडकवला, चावीला काळा दोरा बांधला आणि ती आईच्या हातात दिली.

आईने चावी माझ्या तळहातावर ठेवली.

"हं. आता कर बंद."