पत्र्यावरचा अंगठा

आमच्या प्रयोगशाळेत काच फुंकणारे काका होते. सगळे त्यांना फुंकरकाका म्हणत. पेटत्या बर्नरवर काचेची नळी फिरवत, गाल फुगवून ते असा जोड करत की कुठे जोडलंय ते बोटालाही कळू नये. त्या नळ्यांतली हवा पंपाने उपसून आत पोकळी करायची, हे माझं काम. "मी जन्मभर हवा फुंकतो, ही पोरगी ती उपसते, आणि पगार दोघांनाही मिळतो," असं ते येईल त्याला सांगत. माझ्या सासूबाई रोज विचारत, "आज काय केलंस?" मी म्हणे, "काही नाही." "आणि त्याला आठ तास लागतात?"

हे 'काही नाही' भलतं नाजूक असतं. यंत्राच्या पोटातल्या पत्र्याला उघडं बोट लागलं, तरी बोटाचा तेलकटपणा कितीतरी दिवस वाफ सोडत राहतो आणि पोकळी काही होत नाही. म्हणून हातमोजे सक्तीचे. नवं यंत्र जुळवताना स्क्रू सारखा निसटत होता, म्हणून मी एक मोजा काढला. मिनिटभरच.

पोकळी अडली. साहेब म्हणाले, "जोड गळतोय." काकांनी जोड तोडून नवा केला. पुन्हा तेच. मग मी पंपाकडची झडप बंद करून दाबमापकाच्या काट्याकडे बघत बसले. गळती असली की काटा एकसारखा चढत राहतो. आत मळ असला की चढतो, दमतो आणि थांबतो. काटा थांबला. म्हणजे मळ माझ्याच अंगठ्याचा होता. त्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती. मी अवाक्षर काढलं नाही.

"वय झालं तुमचं," साहेब सगळ्यांदेखत काकांना म्हणाले. काका नळी घेऊन तिसऱ्यांदा आपल्या टेबलाकडे गेले. ते तिकडे असताना मी पत्रा स्पिरिटने पुसून काढला. नळी परत बसली आणि पोकळी झक्कास झाली. "बघा, नीट लक्ष दिलं की जमतं," साहेब म्हणाले. तरी पुढची कामं ते बाहेरून करून घेऊ लागले. काकांना दोन वर्षं वाढवून मिळायची होती, ती मिळाली नाहीत. मी कायम झाले तेव्हा पहिलं अभिनंदन त्यांनीच केलं. मला माझीच किळस आली, पण तेव्हाही तोंड उघडलं नाही.

तीन वर्षांनी त्यांच्या घरी गेले. काकू चहा ठेवायला आत वळल्या, तेवढ्यात एका दमात सगळं सांगून टाकलं.

काकांनी चष्मा काढला. "तिसरा जोड मी केलाच नव्हता गं. दुसऱ्यात काही खोट नव्हती. नळी पुसली आणि तशीच परत लावली. बसवायला आलो, तर स्पिरिटचा वास सुटला होता."

"मग साहेबांना सांगितलं का नाहीत?"

"तू सांगशील असं वाटलं," ते म्हणाले. "शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावरही मी थोडा वेळ बसून होतो."