मागचा डावा स्पीकर

आई गेल्यावर ठाण्याजवळ बाळकुमला असलेल्या आमच्या घरातल्या सामानाची वाटणी झाली, तेव्हा दादाने अ‍ॅम्प्लिफायर उचलला आणि मी हट्टाने चारही स्पीकर ठेवून घेतले. एकाशिवाय दुसऱ्याचा उपयोग नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणूनच तर तसं केलं. दादा-वहिनी विठ्ठलवाडीला गेले, मी बिनलग्नाचा त्या घरात उरलो आणि आमचं बोलणं बंद झालं.

कॉलेजच्या वयात आम्हीच प्लायवूडची खोकी ठोकून ते स्पीकर बनवले होते. खोलीच्या चार कोपऱ्यांत चार. आवाज जुळवायला दोन माणसं लागायची. दादा मधोमध खुर्ची टाकून डोळे मिटून बसायचा, मी अ‍ॅम्प्लिफायरची बटणं फिरवायचो.

"मागचा डावा कमी कर रे. अजून. अरे, झोपवलास की त्याला!"

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा कंपनीने मला लॅपटॉप दिला. त्यात गाण्यांची सीडी लावली, तर आवाज डब्यात अडकलेल्या माशीसारखा. मला स्पीकर आठवले. ठाण्याहून पिन आणि वायर आणली, टोकं सोलून थेट जोडली. स्पीकरला कान लावला तेव्हा कुठे फार लांबून कुणी गुणगुणतंय असं वाटलं. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर लागतो हे मला कळत नव्हतं असं नाही. दादाशिवाय भागतं का, एवढंच बघायचं होतं.

नाही भागलं. रविवारी दुपारी विठ्ठलवाडीला गेलो. तो काय बोलेल, मी काय सुनावीन, सगळं वाटेत ठरवलेलं. दादाने माझं मागणं ऐकून घेतलं, माळ्यावरून अ‍ॅम्प्लिफायर काढला, पुसला आणि माझ्या हातात दिला.

"घेऊन जा. मला काय करायचाय आता?"

भांडायला गेलेल्या माणसाची याहून मोठी फजिती नाही. वहिनी म्हणाली, "चहा टाकते, बसा." मी घाई आहे म्हणालो. घाई कसली? घरी कुत्रंही वाट बघत नव्हतं.

घरी आल्या आल्या सगळं जोडलं. चारी कोपऱ्यांतून गाणं आलं. मग मी बटण फिरवायचो, धावत येऊन खुर्चीत बसायचो, ऐकायचो, पुन्हा उठायचो. चार-पाच फेऱ्यांनंतर खुर्चीतच बसून राहिलो आणि मला रडू आलं.

दादाला फोन केला.

"लागला का?" त्यानेच विचारलं.

"लागला."

"मागचा डावा जास्त येत असेल."

येत होता. 'तू इथे येऊन बसल्याशिवाय जुळायचा नाही,' हे अगदी ओठांवर आलं होतं.

"बरं, ठेवतो," मी म्हणालो.

तो स्पीकर अजून जास्तच वाजतो. मी त्याच्या बटणाला हात लावलेला नाही. दादा कधी आलाच, तर त्याला बोलायला काहीतरी हवं.