डावा फाटतोय

स्टिरिओ दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे कानसेन म्हणत. आधी चेष्टेने म्हणायचे, मग सवयीने, आणि त्यात कधी चेष्टा होती हे तो स्वतः तर केव्हाच विसरून गेला होता. गिऱ्हाईक यंत्र घेऊन आलं की तो पेचकसाला हात लावत नसे. डोळे मिटून ऐके आणि रोग सांगे. रोग बहुधा बरोबर निघे. नाही निघाला, तर यंत्राचंच काहीतरी चुकलं असं त्याचं मत पडे.

निवृत्त मुख्याध्यापिका बाईंनी त्याला घरी बोलावलं ते किरकोळ कामासाठी. आवाज लहानमोठा करायचं बटण फिरवलं की खरखर व्हायची. त्याने बटणातली धूळ साफ केली आणि पाव तासात खरखर थांबली. बाई खूश होऊन चहा टाकायला उठल्या, तर ह्याने डोळे मिटलेले.

"बाई, डावा स्पीकर फाटतोय."

बाईंना तसं काही जाणवत नव्हतं, आणि त्यांनी ते सांगितलंही. त्यावर त्याने त्यांच्याकडे अशा समजुतीने पाहिलं, की त्यांना आपणच मागच्या बाकावर बसलोय असं वाटलं.

त्याने डाव्या स्पीकरच्या वायरींची टोकं सोलून पुन्हा घट्ट बसवली. आवाज फाटतच राहिला. पुढच्या खेपेला स्पीकर दुकानात नेऊन आतला कागदी पडदा नवा घालून आणला. तरी तेच. तिसऱ्या खेपेला त्याने ॲम्प्लिफायर उघडून निम्मे भाग बदलले. तोवर एक प्रगती झाली होती. बाईंनाही ते फाटणं ऐकू येऊ लागलं होतं. त्यांनी शेजारणीला बोलावून मुद्दाम ऐकवलं, तर तिलाही आलं. इतकी वर्षं आपण हे सहन कसं केलं, याचं बाईंना नवल वाटू लागलं.

चौथ्या खेपेला, जे एखाद्या शिकाऊ माणसाने पहिल्याच दिवशी केलं असतं ते त्याने केलं. डाव्याची वायर उजव्याला आणि उजव्याची डाव्याला जोडली. बिघाड ॲम्प्लिफायरमध्ये असेल तर फाटणं उजवीकडे जायला हवं होतं. ते डावीकडेच राहिलं. म्हणजे दोष स्पीकरचा. मग त्याने घाम गाळत दोन्ही स्पीकरच्या पेट्या उचलून त्यांच्या जागा बदलल्या. मघापर्यंत फाटणारा स्पीकर आता उजवीकडे बसून स्वच्छ वाजत होता, आणि ज्याच्यावर कधी संशयही गेला नव्हता, तो डावीकडे येताच फाटत होता.

तो तसाच उभा राहिला. मागून बाईंनी चहासाठी हाक मारली म्हणून वळला. स्पीकर पाठीमागे गेले, आणि फाटणं सरळ दुसऱ्या बाजूला गेलं. तो पुन्हा वळला. तेही वळलं. मग त्याने डाव्या कानात बोट घातलं. सगळं स्वच्छ.

माणूस सरळ होता. चहा न घेताच म्हणाला, "बाई, स्टिरिओ ठणठणीत आहे. माझा डावा कान गेलाय."

बाईंनी जरा विचार केला. "मग मला का ऐकू येतं?"

बाईंना वाटलं, बिघाड सापडत नाही म्हणून बिचारा स्वतःवर दोष घेतोय. असं हातपाय गाळून कसं चालेल, एकदा शेवटचं बघा, असं त्यांनी समजावलं. तेव्हा त्याने झाकण उघडलं, आत नुसता ब्रश फिरवला, झाकण लावलं. बाईंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. आता कसा काचेसारखा आवाज आला, म्हणाल्या. तीस वर्षांत कुणी त्याचं इतकं कौतुक केलं नव्हतं.

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिला धक्का बसेल या भीतीने हळूहळू सांगितलं. ती भाजी चिरत होती, ती चिरतच राहिली.

"दोन वर्षं जेवायला तुमच्या उजव्या बाजूला बसतेय मी," ती म्हणाली. "उगीच का?"

तो ते प्रेम समजत होता.

डॉक्टरांनी तपासून कानातली शीर झिजल्याचं सांगितलं. या यंत्राचा सुटा भाग मिळत नाही, हे त्यालाही समजलं. आठवडाभर दुकानाचं शटर अर्धंच वर राहिलं. शेवटी बायकोच येऊन स्टुलावर बसली आणि म्हणाली, मी ऐकते, तुम्ही उघडा. तिला धंद्यातले शब्द ठाऊक नव्हते. एका स्पीकरला सर्दी झालीय म्हणाली, तर आतला पडदा ओल लागून फुगलेला निघाला. दुसरा दात खातोय म्हणाली, तर आतली तारेची गुंडाळी कडेला घासत होती. तिसऱ्याला काही झालेलं नाही म्हणाली. तरी हट्टाने त्याने तो उघडला, आणि गुपचूप बंद केला.

मागच्या महिन्यात एक गिऱ्हाईक दारातूनच आत डोकावलं, ती दिसली नाही म्हणून उद्या येतो म्हणालं. कानसेन दिवसभर फुरंगटून बसला. संध्याकाळी मात्र घरी जाऊन पाठीला टेक असलेली खुर्ची घेऊन आला आणि स्टूल स्वतःकडे ओढून घेतलं.