वावरातली ट्रेल

निसर्गाच्या हाकेला ओ देणं हे सुसंस्कृत माणसाचं पहिलं कर्तव्य आहे, असं मी शाळेतल्या माझ्या निरोप समारंभात म्हणालो होतो. टाळ्या पडल्या, शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि त्यानंतरच्या हिवाळ्यात मी खरोखरच त्या हाकेला ओ द्यायला निघालो. अडचण एवढीच होती की आमच्या भागात भल्या सकाळी दोन प्रौढ माणसं पाण्याची बाटली घेऊन झुडपांकडे निघाली की त्या हाकेचा एकच अर्थ होतो. पहिल्याच दिवशी हरभऱ्याला पाणी देत असलेल्या एका शेतकऱ्यानं आम्हाला थांबवलं.

"सर, तुमच्या घरी संडास हाये नं?"

आवाजात खरी काळजी होती. मी आहे म्हणालो.

"मंग इतक्या लांब कायले आले?"

मी त्याला व्यायाम, मोकळी हवा वगैरे सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पाण्याचा दांड दुसरीकडे वळवला.

दोघांपैकी एक मी. दुसरा माझा मित्र. रिसोडच्या बाजारात त्याचं कापडाचं दुकान आहे. सगळा बाजार त्याला शेठ म्हणतो, मी भाई म्हणतो. तो मला सर म्हणतो, कारण त्याची मुलं माझ्या हाताखालून गेली आणि भूगोलात जेमतेम पास झाली. त्याबद्दल त्यानं मला कधी दोष दिला नाही, पण विसरलाही नाही. रस्ता चुकला की म्हणायचा, "आता कळलं, पोरं काहून चुकत होते ते."

सायकल माझ्या मुलानं पुण्याहून पाठवली. त्यानं ती हौसेनं घेतली होती, दोन-तीनदा चालवली आणि ट्रॅव्हल्सच्या टपावर टाकून वडिलांच्या तब्येतीसाठी पाठवून दिली. जाड टायर, पुढं-मागं गिअर. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, घंटी नाही. भाईनं ती दुकानासमोर उभी करून सगळीकडून पाहिली.

"सर, पुण्यावाल्यानं अर्धीच पाठवली," तो म्हणाला.

तरी त्याला मोह झाला. पुतण्यानं मोटरसायकल घेतल्यापासून जिन्याखाली पडलेली तशीच एक सायकल त्यानं बाहेर काढली, आणि आम्ही निघालो.

'ट्रेल' हा शब्दही मुलाचाच. फोनवर म्हणाला, "बाबा, डांबरी रस्त्यावर कशाला फिरता? आसपास ट्रेल्स शोधा." भूगोलाच्या नकाशात आमच्या जिल्ह्यावर बराच तपकिरी रंग आहे. मी आयुष्यभर तो फळ्यावर खडूनं भरला आणि अजिंठ्याच्या रांगांचे फाटे म्हणून शिकवला. पण त्या रंगावर पाय ठेवायची वेळ आली नव्हती. आता ठेवला. ट्रेल्स सापडल्या. बहुतेक शेळ्यांनी आधीच शोधून ठेवल्या होत्या. शेळीच्या वाटेचा दोष असा की शेळीला जिथं खायचं आहे तिथं ती जाते, आणि तिथं बहुधा बोर नाहीतर बाभूळ असते. आमचे टायर पंक्चर होण्यात अर्धा हिवाळा गेला.

मग आम्हाला ती वाट सापडली. वाशीम रस्त्यानं जाताना रिठदच्या अलीकडे एक फाटा फुटतो, त्या फाट्यावरच्या लहान गावाच्या मागं पळसाची आणि सालईची टेकडी आहे. टेकडीवरून एक उतार नागमोडी खाली येतो, कोरडा नाला ओलांडतो, एका वावराच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, पोचतो आणि तिथून पुढच्या वावराच्या कडेकडेनं थेट डांबरीला लागतो. दगड होते, पण मुरलेले. काटे होते, पण बाजूला. मी त्या उतारावर पहिल्यांदा ब्रेक सोडला तेव्हा तोंडातून आवाज निघाला. तो कसला होता ते सांगता येणार नाही. मागून भाई ओरडला, "सर, पडले का?" मी पडलो नव्हतो. मला बरं वाटलं होतं.

एकदा नाल्यात रोही उभा होता, नीलगाईचा एवढा मोठा नर, वाट अडवून. आम्ही थांबलो. तो आमच्याकडे बघत राहिला, आम्ही त्याच्याकडे.

"फाइल पाहून राह्यला," भाई हळूच म्हणाला. "थांबा. साहेब लोकायले घाई करू नोका."

साहेबांनी यथावकाश वाट दिली. थोडक्यात, उन्हाळा लागेपर्यंत आठवड्यातले तीन दिवस आम्ही त्या वाटेवर असायचो, आणि जिल्ह्यात याहून चांगली ट्रेल नाही असं माझं मत झालं. तुलनेला दुसरी नव्हती, पण मत पक्कं होतं.

त्या वाटेचा डांबरीजवळचा भाग ज्याच्या वावरातून जायचा, तो गावचा माजी सरपंच. पद जाऊन बरीच वर्षं झाली होती. गाडीवरची पाटी गेली नव्हती. तो आमच्यावर फार खूश होता. सायकलवाले शहरी लोक आपल्या शेतातून जातात याचं त्याला अप्रूप होतं. पोहे, चहा, मोबाइलवर फोटो. "आपली ट्रेल" असं तो सगळ्यांना सांगायचा. पुढं रिसोडची चार-पाच पोरं, वाशीमचा एक डॉक्टर असेही येऊ लागले, तेव्हा तो गॉगल लावून धुऱ्यावर उभा राहायचा आणि हात हलवायचा. ट्रेल त्याच्या वावरात कशी आली हा प्रश्न आम्हाला पडला नव्हता. ढेकळांच्या आणि धुऱ्याच्या मध्ये एक पट्टी होती, नेमकी एका सायकलीला पुरेल एवढी. आम्हाला ती निसर्गाची किमया वाटली.

तो खुलासा आम्हाला मागच्या वावरातल्या बाईनं केला. टेकडीच्या पायथ्याचं वावर तिचं. पन्नाशीची असेल. आम्ही उतरताना ती रोज दिसायची, बोलायची नाही. एके दिवशी तिनं गवताचा भारा वाटेत टाकला आणि त्याच्यावर बसली. आम्हाला ब्रेक लावावे लागले.

"भाऊ, तो तुमाले जाऊ देते?"

"देतो की," मी म्हणालो. "चहाही पाजतो."

"चहा नोको मले. माहा टॅक्टर जाऊ दे म्हना."

मग तिनं सांगितलं. आम्ही ज्यावरून जात होतो ती पांदण होती, म्हणजे वावरात जायचा गाडीरस्ता. तिच्या सासऱ्याच्या काळात त्या पांदणीवरून बैलगाड्या जायच्या. माजी सरपंच तिचा चुलत दीर. दर पेरणीला तो नांगर थोडा थोडा सरकवत आला आणि पांदण त्याच्या वावरात गेली. राहिली ती पट्टी. तिच्या वावराला दुसरा रस्ता नाही. मागं टेकडी, बाजूला नाला. सोयाबीन वाळलं की मळणीयंत्र यावं लागतं, आणि ते ट्रॅक्टरमागून येतं. गेल्या साली ते डांबरीवरच थांबलं. डोक्यावर भारे वाहून नेईपर्यंत ऊन लागलं, शेंगा तडकल्या, दाणा मातीत गेला. नवरा दसरा झाला की ऊसतोडीला जातो. मुकादमाची गाडी कुणासाठी थांबत नाही. तो जायच्या आत सोयाबीन घरात आलं नाही तर ते एकटीच्यानं निघत नाही. तहसीलमध्ये अर्ज दिला होता. दीर म्हणत होता, इथं कधी रस्ताच नव्हता.

"मी गेली की वावर," ती म्हणाली, "अन् तुमी गेले की टेल."

तिला 'ट्रेल' म्हणता येत नव्हतं, पण मुद्दा तिच्याइतका नेमका आम्हा दोघांपैकी कुणी मांडला नसता. भाई खाली बघून चेनवर तेल आहे का ते तपासू लागला.

परत जाताना डांबरीवर तो म्हणाला, "सर, टॅक्टर गेला त ट्रेल गेली."

"माहीत आहे."

"पोहेबी गेले."

"तेही माहीत आहे."

"नाही, मी फक्त हिशोब सांगून राह्यलो. दुकानदार हाये ना."

पेरण्या आटोपल्यावर माजी सरपंचानं आम्हाला मुद्दाम थांबवलं. त्याला वाटेच्या तोंडाशी मोठी पाटी लावायची होती. त्याचा विचार पुढचा होता: लोक वाढतील, नाश्त्याची टपरी टाकता येईल, पेपरात येईल. मजकूर मी लिहून द्यावा.

"कायतरी भारी लिहा, सर. जुनं-बिनं वाटलं पायजे. ऐतिहासिक."

मी घरी बसून मजकूर लिहिला. निसर्गरम्य सायकल ट्रेल, आणि खाली: बैलगाड्यांच्या काळापासून चालत आलेला पूर्वापार वहिवाटीचा मार्ग. त्याखाली सर्वांचे हार्दिक स्वागत, आणि शेवटी सौजन्य म्हणून त्याचं नाव. 'वहिवाट' हा शब्द महसूल खात्यात काय वजनाचा आहे, हे खेड्यात दूध घालणाऱ्यालाही माहीत असतं. रस्ता वहिवाटीचा ठरला की तो बंद करता येत नाही. माजी सरपंचाला तर माहीत असणारच. मी कागद त्याच्या हातात दिला आणि त्याला वाचायला भरपूर वेळ दिला. त्यानं शेवटची ओळ वाचली.

"माझ्या ओळीची अक्षरं मोठी करा," तो म्हणाला.

केली. रिसोडला पेंटरकडून पाटी रंगून आली. पिवळ्या पत्र्यावर लाल अक्षरं, शेवटची ओळ हिरवी. तिच्याखाली उभं राहून त्याचा फोटो भाईनंच काढला.

पोळा होऊन गेल्यावर बाईच्या अर्जावर स्थळपाहणी लागली. नायब तहसीलदार आले, मंडळ अधिकारी आले, गावातले दहा-पंधरा जण, बाई आणि तिचा नवरा. तिनं साक्षीदार म्हणून मला बोलावलं होतं. भाई दुकान बंद करून आला. माझ्याकडे जबाबाची तयारी होती. उतार, निचरा, जुन्या चाकोऱ्यांच्या खुणा, असं सगळं क्रमानं. ते बोलायची वेळ आली नाही.

नायब तहसीलदार साहेबांनी माजी सरपंचाला विचारलं, "इथून रस्ता होता का?"

"नाही साहेब. कधीच नव्हता."

"मग हे काय आहे?" साहेबांनी पट्टीकडे बोट केलं. पावसाळ्यातही ती साफ होती, कारण आमच्यासाठी माजी सरपंच तिच्यावरचं तण काढून घेत असे.

"ही ट्रेल हाये साहेब."

"ट्रेल म्हणजे?"

माजी सरपंचानं माझ्याकडे पाहिलं. मी टेकडीकडे पाहिलं.

"म्हंजे... लोक जातात ते," तो म्हणाला.

"कुठून कुठं?"

"डांबरीपासून इच्या वावरापावतर. अन् तिथून वर टेकडीवर."

कुणी हसलं नाही. मंडळ अधिकारी पाटीसमोर जाऊन उभा राहिला होता. तो मजकूर मोठ्यानं वाचू लागला, शाळेत वाचतात तसा, शब्द सुटे करून. 'बैलगाड्यांच्या काळापासून' इथं साहेबांनी त्याला थांबवलं आणि परत वाचायला सांगितलं. त्यानं परत वाचलं. शेवटची हिरवी ओळ त्यानं न सांगता वाचली.

"हे तुमचंच नाव ना?" साहेबांनी विचारलं.

"नाव माझंच हाये," माजी सरपंच म्हणाला, "पन लिवलं यायनं."

"लावली कुणी?"

गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "लावतानी पेढे वाटले साहेब, मीबी खाल्ला." मग मात्र लोक हसले. बाई हसली नाही. ती साहेबांच्या हातातल्या पेनाकडे बघत होती.

परतताना डांबरीला लागल्यावर भाई म्हणाला, "सर, एक पुसू? तो वहिवाटीचा शब्द तुमाले सुचला, का तुमी मुद्दाम लिवला?"

"सुचला तो लिहिला."

"अच्छा," तो म्हणाला, आणि त्यानं गिअर बदलला. नेहमीप्रमाणे चुकीचा.

आदेश निघाला. अडथळा काढायचा आणि गाडीरस्ता मोकळा करायचा. माजी सरपंचानं आधी पाटी काढली, मग आमच्याशी बोलणं थांबवलं, आणि शेवटी नांगर मागं घेतला. सोयाबीन पिवळं पडून वाळलं, आणि दसऱ्याच्या आधी एका सकाळी ट्रॅक्टर मळणीयंत्र ओढत त्या वाटेनं आत गेला. जमीन अजून ओली होती. तो गेला, आला, पोती न्यायला परत गेला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघांचे ट्रॅक्टर गेले, कारण मागच्या बाजूला त्यांचीही वावरं होती आणि त्यांनी अर्ज करायची हिंमत केली नव्हती. बाईचा नवरा वेळेवर मुकादमाच्या गाडीत बसला. त्या दिवशी सोयाबीन त्यांच्या घरात, भिंतीला लावून रचलेलं होतं.

आम्ही ते बघायला गेलो. काळ्या मातीत दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढ्या खोल चाकोऱ्या पडून तशाच वाळल्या होत्या, मधल्या उंचवट्यावर ढेकळं. सायकल चाकोरीत घातली की पेडल मातीला टेकायचं. ढेकळांवर घातली की आम्ही टेकायचो. शेवटी सायकली खांद्यावर घेऊन आम्ही तिच्या वावरापर्यंत गेलो. तिनं पाणी दिलं, आणि खांद्यावरच्या सायकलींकडे बघितलं.

आता त्या वाटेनं ट्रॅक्टर जातो, मळणीयंत्र जातं, बैलगाडी जाते, परवा एक पाण्याचा टँकरही गेला. सायकल जात नाही.