शेठच्या चरित्राला संदर्भ हवा

किश्शांचं एक बरं असतं, त्यांना संदर्भ लागत नाही. आम्ही महाडचे तिघं इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात लेख लिहितो. तिथं एकेका वाक्याला पुरावा द्यावा लागतो, नाहीतर ते उडतं. त्यामुळे आमच्याकडे लेख मोजकेच आणि किस्से ढीगभर!

तिघं म्हणजे मी, मराठीची निवृत्त शिक्षिका. भूगोलाचे दिघे सर. आणि एमआयडीसीत केमिस्ट असलेला निलेश. विषय आमचा नाजूक. आसपासचे हॉटेलवाले आणि बिल्डर, तेही वादात सापडलेले. नियम एकच: स्तुती नको, निंदाही नको. दिघे सर विशेषणं अशी वेचतात, जसे तांदळातले खडे. परवा एका लग्नपत्रिकेत नवऱ्या मुलाच्या नावामागे 'चिरंजीव' दिसलं. सरांनी यजमानांनाच विचारलं, "याला संदर्भ काय?"

*

सध्या आम्ही एका शेठच्या मागे आहोत. नाव सांगत नाही. शेठ मूळचे मुंबईचे. हिरकणीवाडीजवळ त्यांचं हॉटेल आहे आणि आता कापडे गावात बंगल्यांची स्कीम आणतायत. त्या जमिनीवर धोंडूभाऊ भात लावतात. शेठ म्हणतात, या माणसाचा जमिनीशी काही संबंध नाही. तहसीलला सुनावणी चालू आहे. हरले तर धोंडूभाऊंची भाकरीच गेली.

आम्ही लेखात एवढंच लिहिलं, 'कापडे येथील जमिनीबाबत वाद आहे.' खाली बातमीचा संदर्भ दिला. पंधरा मिनिटांत वाक्य गायब! उडवणाऱ्याने टोपणनाव घेतलं होतं 'निःपक्षपाती'. मला तिथंच वास आला. गवळी दारात येऊन 'पाणी घातलेलं नाही हं' म्हणायला लागला, की दूध नीट बघावं.

*

मग शेठचे मॅनेजर घरी आले. हे गृहस्थही मुंबईचेच. पेढे आणि पेपरचं कात्रण घेऊन. कात्रणात शेठना 'समाजभूषण' म्हटलं होतं. मी चाळीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्यात, कागद उलटून बघायची सवय जात नाही. मागे कोरं!

"अहो, पेपरची मागची बाजू कुठाय?"

मॅनेजर जराही गडबडले नाहीत. "बाई, त्या दिवशी बातम्याच कमी होत्या."

पेढे मी परत दिले. निलेशने त्यातले दोन आधीच खाल्ले होते.

*

म्हटलं, लोकांनाच विचारावं. हिरकणीवाडीला पिठलं-भाकरीचा स्टॉल चालवणाऱ्या एक मावशी आहेत. विचारलं, "शेठ माणूस कसा?"

"बरा हाय."

मी पर्समधून वही काढली. मावशींचा हात तव्यावर थांबला.

"लिवनार हायस काय गो?"

"हो."

"मंग लय चांगला हाय!"

*

पण आमचा कच्चा मजकूर शेठना आधीच कळायचा. लेख टाकण्यापूर्वीच मॅनेजरचा फोन! घरचा भेदी कोण? सरांवर संशय घेणं शक्य नव्हतं, कारण सरांना फोनवरून काही पाठवताच येत नाही. उरला निलेश. त्याची बाईक शेठच्या हॉटेलबाहेर मी स्वतः पाहिली होती.

"काय रे, तिथं कशाला जातोस?"

"बाई, त्यांची मिसळ चांगली असते."

सर चष्मा न काढता म्हणाले, "'चांगली' काढ."

निलेशवरचा माझा संशय अजून फिटलेला नाही.

*

एका सकाळी धोंडूभाऊ एसटीने महाडला आले आणि थेट माझ्याकडे.

"बाई, तुमच्या कोशात एवढं लिवा. मी कुळ हाय त्या जमिनीचा. पणज्यापासून आमीच कसतोय. शेठ बोलतो, कुळच नाय."

दिघे सर म्हणाले, "छापील पुरावा आणा, लिहितो."

"पुरावा असता तं तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

ते चहा न घेता गेले. मला सरांचा भयंकर राग आला. नियम बरोबर होता, म्हणून जास्तच आला.

त्या दुपारी मी लेखाच्या चर्चापानावर, जे कोणालाही वाचता येतं, प्रश्न टाकला: 'कापडे येथील जमिनीवर शेठ यांचे कुळ आहे किंवा कसे, याबाबत संदर्भ हवा.' वाक्य तटस्थ होतं. सरांनी त्यातला एकही शब्द काढला नाही, फक्त 'कुळ' हा शब्द दोनदा मोठ्याने वाचला.

तिसऱ्या दिवशी मॅनेजर हसतमुखाने हजर! "बाई, गावातले लोक शेठना उपरे म्हणतात. तुम्ही विचारलंत ते फार बरं केलंत." हातात लेटरहेड, खाली शेठची सही आणि गोल शिक्का. मजकूर असा: 'कापडे येथील जमिनीवर आमचे कुळ तीन पिढ्यांपासून आहे व त्याचा आम्हांस अभिमान आहे.'

सरांनी ते तीनदा वाचलं. "खाजगी पत्र ज्ञानकोशात चालत नाही," ते म्हणाले आणि स्वतः उठून झेरॉक्स काढायला गेले.

दुसऱ्या दिवशी निरोप मिळताच आलेल्या धोंडूभाऊंनी शब्दाखाली बोट धरून पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग सुनावणीला न्यायला घडी घालून खिशात ठेवलं.

"पिढ्या चार हायत, बाई. पन ऱ्हाऊ दे. एवढा मोठा मानूस सही करून सांगतोय, तं तीनच!"