मीठ फुटलेलं रान

उचगावच्या निशिगंधानं कृषी अभियांत्रिकीची पदवी घेतली, तेव्हा पोरगी नेमकी काय झाली हे घरात कुणालाच नीट कळलं नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, "इंजिनिअर हाय, पर रानातली." सरकारी जागांची वाट बघून निशिगंधा कंटाळली आणि शेवटी निचऱ्याची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदाराकडं लागली.

काम नृसिंहवाडीच्या पलीकडच्या नदीकाठच्या शिवारात होतं. उसाला वर्षानुवर्षं धो धो पाणी पाजून तिथल्या रानांना मीठ फुटलं होतं. वेड्या बाभळीखेरीज काही उगवत नव्हतं. उपाय एकच होता. जमिनीखाली भोकं पाडलेल्या नळ्या पुरायच्या, खारं पाणी एका मोठ्या नळीत आणायचं आणि ओढ्यात सोडायचं. कॉलेजात निशिगंधाला हाच विषय सगळ्यांत जास्त आवडलेला. आजारी माणूस हळूहळू उठून बसावा तशी जमीन उठते, असं ती म्हणायची.

पण मोठी नळी ओढ्यापर्यंत न्यायची तर ओढ्याकाठच्या पिराजीच्या रानातूनच न्यावी लागणार होती, आणि पिराजी ऐकेना.

"वरच्यांचं मीठ माझ्या बांधावरनं कशापायी?"

निशिगंधा त्याच्या सोप्यात जाऊन बसायची, कागदावर रेघा ओढून समजावायची. तो चहा पाजायचा आणि नाही म्हणायचा. शेवटी वरच्या अंगाचा म्हातारा आकाराम तिच्याबरोबर गेला. "पिराजी, आज माझं रान गेलं, उद्या तुझं जाईल की," एवढंच बोलला. पिराजीनं होय म्हणून मान हलवली.

नळ्या पुरल्या. पुढच्या थंडीत आकारामच्या रानात गहू आला. विरळच होता, पण आला. त्यानं ओंब्या भाजून निशिगंधाच्या हातावर चोळल्या. तिनं एकेक दाणा चावून खाल्ला.

मग पूर आला. पाणी ओसरलं तेव्हा मोठ्या नळीचं तोंड गाळानं बुजलं होतं. कंत्राटदार म्हणाला, "आपलं काम पुरून देण्यापुरतं." मधले रानवाले म्हणाले, आधी वरच्यांनी काढावं, वरचे म्हणाले, तोंड पिराजीच्या हद्दीत आहे. पिराजीनं तर त्यावर बांधच घातला. तरी निशिगंधानं आकारामला घेऊन त्या बांधाच्या कडेनं फावड्यानं गाळ उपसून बघितला. गुडघाभर चिखलात सकाळभर राबल्यावर कळलं, आतली नळीही दबून चेपलीय. मधल्यांनी पुन्हा उसाला पाणी सोडलं आणि उन्हाळ्यात आकारामचं रान परत पांढरं पडलं.

नंतर एकदा ती सहज त्या बाजूला गेली, तर रानात जेसीबी चाललेला. आकारामनं रान मासे पाळणाऱ्याला तळ्यासाठी देऊन टाकलं होतं. तिनं पुरलेल्या नळ्या मातीतून आतड्यांसारख्या बाहेर ओढल्या जात होत्या.

"तात्या, मला सांगायचं तरी."

"काय सांगू, पोरी? तू आली असतीस, डोळ्यांत पाणी आणलं असतंस, मग मला देणं झालं नसतं." तो बांधावर उकिडवा बसला. "न्हेतीस का नळ्या?"

"भोकं पाडलेल्या नळ्या कुणाला हव्यात?"

"व्हय, ते बी खरंच."

जेसीबी थांबेपर्यंत दोघं तिथंच बसून राहिली.

त्या वर्षी कंत्राटदारानं निचऱ्याची कामं घेणं सोडलं. निशिगंधा उचगाव फाट्याजवळच्या ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये लागली. गिऱ्हाइकांना रंग दाखवायचे, हप्ते समजावायचे, डिलिव्हरीला नारळ फोडायचा.

एका दुपारी तिच्याच कॉलेजच्या अनुजाचा फोन आला. शेवटच्या वर्षाला होती, आवाजात नुसता उत्साह.

"ताई, मला निचऱ्यातच काम करायचंय. तुम्ही केलंय म्हणून विचारते, पुढं काही आहे का हो?"

निशिगंधा काचेबाहेर बघत राहिली. काहीतरी बरं सांगावं असं तिला वाटलं.

"न्हाय गं," ती म्हणाली. "दुसरं काहीतरी बघ."

काउंटरपाशी एक गिऱ्हाईक येऊन थांबलेलं, म्हणून तिनं फोन ठेवला.