शिडी काकीनं धरली होती

कौलं परत चढणार नाहीत, हे मला उतरवायच्या आधीच माहीत होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

सांगलीतली आमची चाळ. हातावर पोट असलेल्यांना झेपेल असं भाडं. दरवर्षी पावसाळ्याआधी छपराची शाकारणी मीच करायचो. फुटकी कौलं काढायची, बाकीची नीट बसवायची. शेजारची मालनकाकी मंडईत भाजी विकायची. शिडी धरायचं काम तिचं. "बिनघोर चढ रं, मी हाय खाली."

त्या वर्षी चाळीच्या धाकट्या मालकांनी मला बाजूला घेतलं. "सगळीच उतरव. नवी येणार हायेत म्हणून सांग. आणायची न्हाईत. बिल्डिंग झाली की एक खोली तुझी."

मी काही बोललो नाही. गप्प राहिलो म्हणजे कबूल, हे त्यांना कळलं. मलाही.

काकीनं शिडी धरली. तिच्याच चुलीवरची कौलं मी एकेक करून तिच्या हातात दिली. तिनं ती पदरानं पुसून भिंतीला लावली. "चांगली हायेत रं. नवी कमी पडली तर हीच चढीव."

पावसानं मातीच्या भिंती खचल्या. धोकादायक म्हणून नोटीस लागली. तेवढ्या भाड्यात गावात दुसरी खोली मिळेना. काकी कडेगावला लेकीच्या सासरी गेली. मंडईतली जागा सुटली. आता ताट वाढताना लेकीची सासू विचारते, "अजून किती दिस म्हणायचं, विहीणबाई?"

बिल्डिंग उभी राहिली. मी खोली मागायला गेलो. मालकांच्या ऑफिसात फ्लॅट बघायला आलेलं जोडपं बसलेलं.

"चपला भाईर काढ. फरशीला डाग पडत्यात."

काढल्या. जोडप्याच्या पायांत बूट होते.

"मालक, माझ्या खोलीचं..."

ते जोडप्याकडं बघून हसले. "चढून झाल्यावर शिडी कुणी हॉलमध्ये ठेवतं का हो?" ते दोघंही हसले. मग मला म्हणाले, "जिन्याखाली पड. भाडं नको. येणाऱ्या-जाणाऱ्याला सलाम ठोकायचा."

"नको मला."

मालक म्हणालो नाही. जन्मात पहिल्यांदा. अनवाणीच बाहेर आलो, चपला हातात घेतल्या नि चालू लागलो.

पण खरं सांगतो. खोली मिळाली असती, तर आज मी गप्पच असतो. काकीच्या हालानं मला जाग आली नाही. माझ्या अपमानानं आली. याची लाज त्या हसण्यापेक्षा मोठी आहे.

भाडेकरूंचा दावा चालू आहे. मालक म्हणतात, आम्ही दुरुस्तीच करत होतो, भिंतीच कुजक्या निघाल्या. आणि काकी अजून माझी बाजू घेते. "पोराचा काय दोष? मालकानं कौलंच धाडली न्हाईत."

उद्या कडेगावला जाणार. आधी तिला सांगणार, मग कोर्टात. सगळ्यांसमोर, मालकांच्या तोंडावर. ती थुंकली तर पुसणार नाही. माफी मागायला जात नाही.

काकीच्या डोक्यावरचं छप्पर मी काढलं. ते मी देणं लागतो.